वेंगुर्ल्याच्या वाटेवरची गाऱ्हाणी

कोकणाबद्दल मोठ्या तक्रारी करायला पुष्कळ माणसं आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय, त्यावर मोर्चे निघतात आणि अधिवेशनात प्रश्न येतात. चिपीचा विमानतळ 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, तिथून किती विमानं उडतात याचा हिशेब वर्तमानपत्रं ठेवतात. त्या तक्रारी रास्तच आहेत. मी मांडतोय त्या निवेदनात घालता येणार नाहीत इतक्या बारक्या आहेत. सोलकढीचा रंग, तिठ्यावरची झाकलेली पाटी, बांगड्यातून गेलेलं तिरफळ, काजूच्या पाकिटावरचं नाव. बारक्या तक्रारींची दखल घेणारं खातं कुठल्याच सरकारात नसतं. त्यामुळे त्या वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात आणि वेंगुर्ल्यातून फिरणाऱ्या माणसाचा दिवस रोज थोडा थोडा नासवतात.

मी सावंतवाडीकडचा. वेंगुर्ला तालुक्यात कामासाठी जातो आणि काम नसलं तरी जातो. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाचा हा भाग मला फार आवडतो. समुद्राच्या कडेला माडाची बनं, त्यामागे भाताची मळी, वर चढलं की जांभ्या दगडाचे सडे आणि त्या सड्यांच्या उतारावर आंबा आणि काजू. चार-पाच किलोमीटरांच्या आत जमीन इतक्या वेळा बदलते की गाडीचा वेग वाढवायला मन होत नाही. एवढं सगळं असलेल्या मुलखात आलेल्या माणसाला त्यातलं जवळजवळ काहीच मिळू नये, याचं मला वाईट वाटतं. या साऱ्या गाऱ्हाण्यांच्या मुळाशी तेच आहे.

पहिलं गाऱ्हाणं पाट्यांचं. देशावरचं गाव एका जागी असतं. वेशीतून आत शिरलात की गाव लागतं. कोकणातलं गाव वाड्यांमध्ये सांडलेलं असतं. आरवली, आसोली, वजराट, केळूस, कुठल्याही गावाचं नाव असलेली पाटी दिसली म्हणजे गाव आलं असं समजू नये. पाटीपासून देऊळ दोन-अडीच किलोमीटर पुढे असतं, आणि तुम्हाला हवं असलेलं घर देवळाच्या मागे, व्हाळ ओलांडून, तिसऱ्या वाडीत असतं. याबद्दल माझं काही म्हणणं नाही, भूगोलच तसा आहे. पण नेमकी अशा ठिकाणी, जिथे तीन रस्ते फुटतात त्या तिठ्यावर, दिशा दाखवणारी पाटी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकाने झाकलेली असते. फलकावर मधे एक मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे बारा-पंधरा लहान चेहरे. वाढदिवस होऊन गेलेला असतो, फलकाचा कोपरा वाऱ्याने फाटलेला असतो, पण तो उतरवायला कोणी येत नाही. मागच्या बाजूला गंजलेल्या खांबावर शिरोडा किती आणि रेडी किती हे शांतपणे लिहिलेलं असतं.

मग माणसाला विचारावं लागतं. विचारलं की उत्तर फार प्रेमाने मिळतं. “ह्या काय दूर नाय, पाच मिनटां.” हे पाच मिनटां चालत, सायकलने की मोटारीने, हे सांगितलं जात नाही. खुणा सांगितल्या जातात त्याही अशा, की आधी ठाऊक असतील तरच उपयोगाच्या. “पयली शाळा होती थंयसून वळा.” शाळा पाडून बरीच वर्षं झालेली असतात. सांगणाऱ्याला ती अजून दिसते, कारण तो तिथे शिकलेला असतो. त्याचा दोष नाही. दोष आहे तो पाटी झाकणाऱ्याचा. गावातल्या माणसाला पाटी लागत नाही, परक्याला लागते, आणि परक्याचं मत त्या गावात नसतं.

दुसरं गाऱ्हाणं ‘मिनी गोवा’ या शब्दांचं. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्याबद्दल बोलताना, उभादांड्याच्या एखाद्या निवासाची जाहिरात करताना, हे दोन शब्द हमखास येतात. तेरेखोलची खाडी ओलांडली की खरा गोवा आहे. ज्याला गोवा हवाय तो आणखी अर्धा तास गाडी चालवून जाईल. इथे थांबलेल्या माणसाला वेंगुर्लं दाखवायचं की त्याची शेजाऱ्याशी तुलना करायची?

आणि तुलना करण्याची वेळ यावी असं हे गाव नाहीच. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. इंग्रजांच्या काळात बेळगावचा माल आंबोली घाट उतरून याच बंदरात यायचा, आणि मुंबईची बोट इथे लागायची. बोटी बंद झाल्या, बंदर मागे पडलं, आणि पुढे रेल्वे आली तीही कुडाळ-सावंतवाडीकडून गेली. शिरोड्याच्या मिठागरांत 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच शिरोड्यात वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शाळेत शिकवत होते, आणि त्यांच्या लेखनाचा पाया तिथे पडला. मंगेश पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा. जयवंत दळवींच्या लेखनात आरवलीचा माणूस न माणूस उतरला आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. या चपला देवळात मांडलेल्या दिसतात. असा देव गोव्याच्या लहान आवृत्तीत कुठून येणार? पण येणाऱ्याला सांगितलं जातं ते ‘बीच’, ‘सनसेट पॉइंट’ आणि रेडीचा गणपती, आणि गाडी पुढे निघते.

आता जेवणाकडे येतो. इथे माझी गाऱ्हाणी वाढत जातात.

कुठल्याही खानावळीत बसा. ताटं तीन असतात, सुरमई, पापलेट आणि कोळंबी. हल्ली चौथं असतं ते पनीरचं. मासा रव्यात घोळवून तळलेला असतो, आमटी एकच असते आणि ती तिन्ही ताटांत तीच असते. बाहेर त्याच सकाळी बंदरावर टोपल्यांतून बांगडे, तारले, पेडवे, मुडदुशे, लेपे, सौंदाळे उतरलेले असतात. ते सगळे घराघरांत जातात. पाहुण्याच्या ताटात ते येत नाहीत. बांगड्याचं तिखलं म्हणजे या किनाऱ्यावरचं खरं रोजचं जेवण. लाल मिरची, चिंच किंवा सोलं, थोडं खोबरं आणि ठेचलेलं तिरफळ. तिरफळाचा तो लिंबाच्या सालीसारखा, जीभ किंचित बधिर करणारा स्वाद मासळीचा उग्रपणा कापतो. त्याच्याशिवाय बांगडा अर्धा असतो.

एका खानावळीच्या मालकीणबाईंना मी याबद्दल विचारलं. त्यांनी भाताचं पातेलं खाली ठेवून मला नीट समजावलं. “अहो, तुमी गाववाले म्हणान मागतात. पावण्यांका काटे नको. आनी तिरफळ दाताखाली इला तर म्हणतत, खडो लागलो.” त्यांनी एका वर्षी तिरफळ घालून पाहिलं होतं, ताटं अर्धी टाकून लोक उठले होते. मग त्यांनी ते बंद केलं. घरच्यांसाठी वेगळं पातेलं शिजत होतं, त्याचा वास मला बसल्या जागी येत होता. मी मागितलं म्हणून त्यांनी वाटीभर वाढलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या बाईंवर माझा राग नाही. घरच्या पातेल्यातली चीज विकायला लाज वाटावी अशी परिस्थिती ज्यांनी आणली त्यांच्यावर आहे. पाहुण्याने कधी विचारलं नाही, “तुम्ही आज काय खाताय?” एवढा एक प्रश्न विचारला असता तर ते पातेलं बाहेर आलं असतं.

सोलकढीचं तर काय बोलावं. रातांबे फोडायचे, सालं त्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवायची, त्याची सोलं होतात. मीठ घालून रस साठवला की आगळ. सोलं भिजवून त्यांचं पाणी आणि नारळाचा पहिला जाड रस एकत्र केला, लसूण-मिरची ठेचून घातली, की जो रंग येतो तो फिकट जांभळट गुलाबी असतो आणि थोड्या वेळाने बदलतो. खानावळीच्या पेल्यात येते ती भडक गुलाबी, सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच रंगाची. कधी तिच्यात नारळाऐवजी ताक असतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. मे महिन्यात इथल्या झाडांखाली रातांब्यांचा सडा पडतो, पावसाच्या आधी उतरवायला माणसं मिळत नाहीत म्हणून कितीतरी फळ मातीत जातं. आणि त्याच झाडापासून हाकेच्या अंतरावर रंग घातलेली कढी विकली जाते. झाड परसात आणि रंग बाटलीतला, हा व्यवहार मला कोणी समजावून सांगावा.

पावसाळ्यातलं गाऱ्हाणं वेगळं. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासळी अंडी घालते, समुद्रही खवळलेला असतो. हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी जुलैच्या भर पावसात आलेली मंडळी ताजी सुरमई मागतात, आणि ती मिळतेही. ती शीतपेटीतली असते आणि ताजी म्हणून वाढली जाते. मागणाऱ्याने हट्ट करू नये आणि देणाऱ्याने खोटं बोलू नये, दोन्ही बाजूंनी एवढं पाळलं तरी पुरे. त्या दोन महिन्यांसाठी कोकणाने सुक्या मासळीची अख्खी पाकशाळा उभी केली आहे. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, वर खोबरेल सोडून, सोबत उकड्या तांदळाची गरम पेज. गोलम्याची कोशिंबीर. सुकटीची किसमूर. बाहेर पाऊस कोसळत असताना याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. पण ‘सुकं’ हा शब्द खानावळीच्या फळ्यावर यायला घाबरतो.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं काजूचं आहे आणि ते सांगायला मला थोडी जास्त जागा लागेल.

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड इथल्या कातळाच्या उताराला असं मानवलं की आज वेंगुर्ल्याचं नाव काजूनेच घेतलं जातं. 1957 साली इथे फळ संशोधन केंद्र निघालं. काजूच्या ज्या जाती तिथे निवडल्या आणि तयार केल्या त्यांना गावाचंच नाव आहे. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची कलमं कोकणभर लागली. पूर्वी बी टाकून झाड लावायचे, ते कसं निघेल याचा भरवसा नसायचा. कलमाने तो प्रश्न सुटला, आणि वरकस जमिनीवर हजारो घरांची चूल पेटली. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एवढं भाग्य फार थोड्या गावांच्या नावाला लाभतं.

आता रस्त्याच्या कडेच्या दुकानात जा. पारदर्शक पाकिटं टांगलेली असतात. सगळ्यांवर ‘वेंगुर्ला काजू’ असं छापलेलं. आतला गर कुठला? भारतातले काजू कारखाने जितकी बी फोडतात तितकी देशात पिकत नाही, म्हणून आफ्रिकेतून बी आयात होते आणि ती कोकणातल्या कारखान्यांतही येते. आयात बी फोडणं हा गुन्हा नाही, कारखान्यातल्या बायकांना वर्षभर काम त्यामुळेच मिळतं. माझं म्हणणं फक्त पाकिटापुरतं आहे. आयव्हरी कोस्टची बी असेल तर तसं लिहा. ज्याने वेंगुर्ला-7 लावून, वानरांपासून आणि वणव्यापासून राखून, उन्हात वेचून बी आणली, त्याच्या नावावर दुसऱ्याचा माल चढवू नका. आयात बीमुळे आपल्या बीचा दर पडतो असं शेतकरी सांगतात. दर तर गेलाच, नावही गेलं, तर त्याच्याकडे उरलं काय?

गिऱ्हाइकाचीही एक खोड आहे. त्याला पांढरा शुभ्र, अख्खा, मोठा गर हवा असतो. डब्ल्यू-240 म्हणजे एका पौंडात साधारण 240 गर, डब्ल्यू-180 म्हणजे त्याहून मोठे, हे त्याला पाठ असतं. पाकळी आणि तुकडा त्याला चालत नाही, जरी तो घरी जाऊन खिरीत तुकडेच करणार असला तरी. सालासकट भाजलेला काजू तर तो बघतही नाही. चवीला तोच सरस.

आणि मग तो घासाघीस करतो. मला ते ऐकवत नाही, कारण बी फोडताना मी जवळून पाहिलंय. काजूच्या कवचात जे तेल असतं ते कातडी भाजून काढतं. बी आधी वाफवतात किंवा भाजतात, तरी तेल पुरतं जात नाही. बाई स्टँडवरच्या कटरपुढे उभी राहते, एका हाताने बी पात्यात बसवते, दांडा दाबते, कवच उकलतं, सुईसारख्या टोकाने गर अख्खा बाहेर काढते. गर तुटला तर तो पाकळीत जातो आणि मजुरी कमी होते. हाताला खोबरेल फासलेलं असतं, काही जणी राखही लावतात, तरी बोटांची टोकं काळी पडतात आणि नखांच्या कडेची साल निघते. त्यानंतर गर सुकवायचा, वरचं तांबडं साल नखाने अलगद सोलायचं, आकाराप्रमाणे निवडायचं. पाकिटात हात घालून आपण एका वेळी जेवढे उचलतो, तेवढे त्या बाईच्या बोटांतून एकेक करून गेलेले असतात. त्या पाकिटामागे पन्नास रुपये सुटावेत म्हणून दहा मिनिटं वाद घालणारा माणूस पुढच्या थांब्यावर तेवढ्याचं बाटलीबंद पेय पितो आणि बाटली माडाखाली टाकतो.

ओल्या काजूची हकीगत आणखी वाईट. फेब्रुवारी-मार्चात हिरवी कोवळी बी उतरते. ती विळीवर चिरून काडीने गर काढायचा, कोमट पाण्यात टाकून साल सोलायचं. बाजारात बायका ओले गर शेकड्याने मोजून देतात, समोर केळीच्या पानावर मांडलेले, दुधी रंगाचे, ओलसर. त्यांची उसळ, खोबऱ्याचं वाटप घालून केलेली, हा इथल्या वसंताचा पदार्थ आहे आणि तो दुसरीकडे सहज मिळत नाही. गावातल्या किती खानावळी ती करतात ते मी दर वर्षी विचारत जातो. “परवडत नाय” हे पहिलं उत्तर. “कोण मागणां नाय” हे दुसरं. सुरमईचं ताट ज्या दराने विकलं जातं त्या दरात उसळ नक्की परवडेल. मागणारा नाही, कारण त्याला असं काही असतं हेच कोणी सांगितलेलं नाही.

आणि बोंडं. बी खाली लटकते, वर लाल-पिवळं रसदार बोंड. वजनाने ते बीच्या कितीतरी पट. एप्रिलमध्ये कुठल्याही काजूच्या बागेतून जा, बी पिळून काढून टाकलेल्या बोंडांचा थर पायाखाली असतो आणि आंबूस-गोड वास रस्त्यापर्यंत येतो. झाडावरून पडलेलं बोंड दिवसभरही टिकत नाही. खाडीपलीकडे गोव्यात हीच बोंडं तुडवून हुर्राक आणि फेणी होते. फेणीला 2009 साली मानांकन मिळालं, आणि तिथे पाहुणे ती मुद्दाम मागतात. आपल्याकडे मद्याचे नियम वेगळे आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. पण बोंडाचं सरबत करायला कुठला परवाना लागतो? रस काढून त्यातला घसा धरणारा तुरटपणा तांदळाची पेज घालून बसवता येतो, हे जुन्या बायकांना माहीत आहे. भर उन्हात गाडीतून उतरलेल्या माणसाला तो पेला मिळायला हवा होता. त्याला मिळतं ते देशात सगळीकडे मिळणारं काळं पेय. गोव्याची नक्कल करायचीच होती तर ही केली असती, मी हरकत घेतली नसती.

आंब्याचंही थोडं सांगतो. वेंगुर्ल्यात हापूस उत्तम होतो, पण पेटीवर ‘देवगड’ लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही. ओळखीचे एक बागायतदार काका म्हणाले, “काय करतलंव, तेंका देवगड लिवलेलाच होया.” ते स्वतः तसं लिहीत नाहीत आणि त्याची किंमत मोजतात. याच गावात हापूस आणि नीलम यांच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाला, 1981 साली तो शेतकऱ्यांना मिळाला. हापूसला जो साका धरतो, म्हणजे वरून सुरेख फळ आणि आत पांढरट, आंबट, बरबटलेला भाग, तो रत्नाला धरत नाही. पुढे त्याच रत्नापासून ‘सिंधू’ झाला, ज्याची कोय अगदी पातळ असते. पेटी नेणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी ही नावं ऐकलेली नसतात. विकणाराही सांगत नाही. साका निघाला की शिव्या मात्र दोघांनाही येतात.

शेवटचं गाऱ्हाणं किनाऱ्यावरचं, आणि ते मी सगळ्यात कळकळीने करतो. सकाळी रापण ओढताना पाहिली नसेल तर जरूर पाहा. होडीतून अर्धगोलात जाळं सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगांनी माणसं ते ओढतात. पुरुष, बायका, शाळेत जायच्या आधी आलेली मुलं. हळूहळू दोन्ही रांगा जवळ सरकतात. जाळं वाळूला लागलं की आत चांदीसारखे तारले उसळतात. मग वाटे होतात आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. मोठ्या यंत्रांच्या मासेमारीमुळे रापणीला आता पूर्वीसारखं गावत नाही. काही दिवस दोन तास ओढून टोपलीभर येतं.

अशा वेळी बघे दोरावर पाय देऊन उभे राहतात, फोटोसाठी. कोणी चारचाकी ओल्या वाळूत आणतो आणि ती रुतली की रापणीच्या माणसांनाच ढकलायला बोलावतो. हे सगळं ते लोक सोसतात. सोसवत नाही ती काच. रात्री वाळूत फोडलेली बाटली भरतीने आत ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी रापणीच्या जाळ्यात येते. एका सकाळी मी पाहिलं, जाळ्याला हातभर चीर गेली होती आणि त्या भगदाडातून मासळी डोळ्यांदेखत परत पाण्यात गेली. कोणी आरडाओरडा केला नाही. एक वयस्क गृहस्थ वाळूत बसले, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलं आणि सुई घेऊन शिवायला लागले. त्यांच्या टाचेलाही काच लागली होती, तिच्यावर त्यांनी ओली वाळू दाबली. बाटली फोडणारा तोवर खोलीवर झोपलेला होता. त्याने कोणाचं काय नुकसान केलं हे त्याला जन्मात कळणार नाही, आणि हेच मला सहन होत नाही.

या सगळ्या गाऱ्हाण्यांत मला एक धागा दिसतो. यजमान पाहुण्याला काय आवडेल याचा अंदाज बांधतो, आणि पाहुणा यजमानाकडे काय आहे हे विचारत नाही. दोघंही एकमेकांना खूष करायला निघालेले असतात, आणि दोघांच्या मधे तिरफळ, बोंड, ओला काजू, रत्ना आंबा, सुका बांगडा हे सगळं न बोलता राहून जातं. पाहुणा पुण्यात जे खातो तेच इथे खाऊन, पुण्यात जे मिळतं तेच इथून विकत घेऊन परत जातो, आणि वर म्हणतो की समुद्र छान होता. समुद्र छान असण्यात गावाचं कर्तृत्व काय? गावाचं कर्तृत्व त्या पातेल्यात, त्या कलमात आणि त्या जाळ्यात होतं.

यातली एकही गोष्ट पैशाअभावी अडलेली नाही, त्यासाठी महामार्ग पुरा होण्याचीही वाट पाहायला नको. तिठ्यावरच्या पाटीपुढचा फलक वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी उतरवा. खानावळीच्या दारात खडूने लिहा की आज बंदरावर काय उतरलं आणि घरात काय शिजलंय. पावसाळ्यात सुकी मासळी मान वर करून वाढा. कढीत रंग घालू नका. काजूच्या पाकिटावर बी कुठली ते छापा. आंब्याच्या पेटीवर आपल्या गावाचं नाव लिहा. आणि येणाऱ्यांनो, रापणीच्या दोरावर पाय देऊ नका, काच वाळूत नेऊ नका, आणि जेवायला बसलात की आधी विचारा, “घरात काय केलंय?”

पुढच्या फेब्रुवारीत मी वेंगुर्ल्याला येणार आहे. निदान एका खानावळीच्या फळ्यावर ओल्या काजूची उसळ लिहिलेली मला दिसली पाहिजे. पहिले काही दिवस ती खपणार नाही, हे मला मान्य आहे. उरेल तेवढी माझ्या डब्यात भरा, पैसे मी देतो. पण फळ्यावर लिहा.